साखळदंड तुटले, पुढे काय?

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रमाला आग लागली आणि २८ मनोरुग्ण होरपळून मेले. त्यांना पळता आले नाही. ते साखळदंडांनी बांधलेले होते. देश हळहळला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याआधी पत्रकार शीला बर्से यांनी, कोणताही गुन्हा नसताना केवळ वेडसर म्हणून तुरुंगात डांबलेल्यांसाठी न्यायालयात दाद मागितली होती. १९९३ साली ती प्रथा घटनाबाह्य ठरली. २०१७ च्या कायद्याने साखळदंड बेकायदा ठरविले आणि सरकारी उपचार हा हक्क केला.

या लढ्यांचे मोल मी जाणतो. पण हक्काला डॉक्टर, परिचारिका, औषधे लागतात, म्हणजेच पैसा! त्याच २०१७ सालच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात, आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असे म्हटले होते. ते साल उलटले, अडीच टक्के आलेच नाहीत. त्यासाठी कोणी मोर्चा काढला?

महाराष्ट्रातील जुनी मनोरुग्णालये चारच : पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आडगावच्या माणसाला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी सोसून तिथे दरमहा जाणे कसे जमावे? तो देवऋषी गाठतो. त्याला अंधश्रद्ध म्हणून हिणवणे (आपल्या वादसभांत हे फार चालते) मला पटत नाही. त्याच्या जवळपास तेवढेच असते.

आपल्या समाजशास्त्र मंडळाने यंदा जिल्हा रुग्णालयाकडे एवढेच विचारावे : मानसोपचाराची पदे मंजूर किती, भरलेली किती, गोळ्या किती महिने नव्हत्या? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये पडतात.