थकलेल्या वेतनाचा हंगाम

२१ मार्च १९८१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात महिलांच्या बास्केटबॉलचा एक सामना व्हावयाचा होता. यजमान संघ शिकागो हसल, पाहुणा संघ मिनेसोटा फिलीज. सामना सुरू होण्याच्या बेतात असतानाच मिनेसोटाच्या खेळाडू मैदान सोडून चालत्या झाल्या. त्यांची तक्रार पंचांविषयी नव्हती की प्रतिस्पर्ध्यांविषयी नव्हती. त्यांचे वेतन थकले होते. या खेळाडूंना निलंबित करण्यात आले आणि बदली खेळाडू उभ्या करून उरलेले सामने उरकण्यात आले. गिरणीच्या फाटकावर बदली कामगार कशासाठी उभे केले जातात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या घटनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

ज्या लीगमध्ये हे घडले तिचे नाव विमेन्स प्रोफेशनल बास्केटबॉल लीग. महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग अमेरिकेत प्रथम उभी राहिली ती हीच. ती १९७८ ते १९८१ असे तीन हंगाम चालली आणि बंद पडली. तिच्याविषयी आता जे लिहिले जाते त्यात एक वाक्य ठरलेले असते: ही लीग काळाच्या पुढे होती. हे स्पष्टीकरण फार सोयीचे आहे. काळ हा असा आरोपी आहे की त्याच्यावर वसुलीचा दावा लावता येत नाही. परंतु त्या तीन हंगामांचा, आणि विशेषतः १९८०-८१ च्या अखेरच्या हंगामाचा हिशेब नीट मांडला, तर काळापेक्षा अधिक जवळचे जबाबदार सापडतात.

प्रथम अनुकूल बाजू पाहावी, कारण ती लहान नव्हती. १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्यातील ‘टायटल नाइन’ या कलमाने सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई केली आणि महाविद्यालयांत मुलींच्या खेळांना बळ मिळाले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. सोव्हिएत संघाने अमेरिकेचा ११२-७७ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले, अमेरिकेला रौप्य मिळाले. म्हणजे खेळाडू होत्या, कौशल्य होते, उत्सुकताही होती. ओहायो राज्यातील कोलंबसच्या बिल बर्न या प्रवर्तकाने आठ संघ जमवले. ९ डिसेंबर १९७८ रोजी मिलवॉकी येथे झालेल्या पहिल्या सामन्याला ७,८२४ प्रेक्षक आले. लोकांना नकोच होते असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा नजरेखालून घालावा. पुढे अनेक गावी प्रेक्षक काही शेकड्यांवर आले हेही खरे. पण त्याची कारणे जाहिरात, सभागृहे आणि पैसा यांच्या व्यवस्थेत शोधावी लागतात.

येथे एका शब्दापाशी थांबणे भाग आहे. अनुवादाचे काम करणाऱ्याला शब्द सहजासहजी पुढे जाऊ देत नाहीत. ‘प्रोफेशनल’ खेळाडूला आपल्याकडील जुनी क्रीडापृष्ठे ‘धंदेवाईक’ म्हणत, आणि विनावेतन खेळणाऱ्याला ‘हौशी’. हौशी हा शब्द कसा स्वच्छ, सुखवस्तू वाटतो! धंदेवाईक म्हटले की कपाळावर आठी येते. आणि तोच शब्द स्त्रीला लावला की त्याचा अर्थ कोठल्या कोठे जातो हे मराठी वाचकाला सांगायला नको. इंग्रजीत शब्दाची ही अडचण नव्हती, पण समजुतीची होती. स्त्रीने अंगमेहनतीचा खेळ खेळावा आणि त्याचे पैसे मागावेत, यात काहीतरी अनुचित आहे ही भावना लीगच्या मालकांनाही सुटली नव्हती.

त्यांनी संघांना दिलेली नावेच पाहा. मिलवॉकीच्या पुरुष संघाचे नाव बक्स, म्हणजे नर हरणे. म्हणून महिला संघ झाला डोज, म्हणजे हरिणी. फिलीज म्हणजे तरण्या घोड्या. ह्यूस्टनच्या एंजल्स, न्यू जर्सीची रत्ने, डॅलसचे हिरे, कॅलिफोर्नियाची स्वप्ने. मराठीत उतरवली की ही नावे क्रीडासंघांपेक्षा साबणाच्या वड्यांना अधिक शोभतील. कॅलिफोर्नियाच्या संघाने तर आपल्या खेळाडूंना चालण्या-बोलण्याचे आणि साजशृंगाराचे धडे देणाऱ्या वर्गात पाठवले होते. पुरुष खेळाडूंना कोणी असे पाठवल्याचे ऐकिवात नाही.

या मालाच्या भूमिकेची किंमत कोणी मोजली, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. आयोवा कॉर्नेट्सची मॉली बोलिन ही लीगमधील सर्वांत प्रेक्षकप्रिय खेळाडूंपैकी एक. १९८० च्या मार्चमध्ये तिने एकाच सामन्यात ५५ गुण केले. तिची भित्तिचित्रे विकली जात, कारण तिकिटे खपण्यास रूपही कामी आले पाहिजे असा त्या काळचा व्यवहार होता. लीग संपल्यानंतर, घटस्फोटाच्या खटल्यात मुलाच्या ताब्याचा प्रश्न आला तेव्हा हीच चित्रे आणि खेळासाठीचा प्रवास तिच्याविरुद्ध मांडण्यात आले आणि खालच्या न्यायालयात तिने मुलाचा ताबा गमावला. १९८३ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. जे मालकाला उत्पन्न देत होते, तेच खेळाडूच्या नावावर दोष म्हणून चढले.

आता पैशाकडे वळू. सामान्य खेळाडूला एका हंगामाचे सुमारे पाच ते पंधरा हजार डॉलर कबूल केलेले असत. मोजक्या तारकांना कितीतरी अधिक. डॅलसच्या नॅन्सी लीबरमनच्या कराराचा आकडा त्या वेळी एक लाख डॉलर म्हणून गाजला. कबूल केलेले असत, असे मी मुद्दाम लिहितो. कारण हाती पडणे हा वेगळा प्रश्न होता. न वटलेल्या धनादेशांच्या कथा या लीगच्या जवळजवळ प्रत्येक माजी खेळाडूच्या आठवणींत येतात.

लीगची वाढ कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. संघ चालवण्याचा हक्क सुरुवातीला ५० हजार डॉलरला विकला गेला. दुसऱ्या हंगामात आठाचे चौदा संघ झाले आणि या वाढीचा गाजावाजा झाला. परंतु नव्या संघांकडून मिळणारे प्रवेशशुल्क म्हणजे खेळातून मिळालेले उत्पन्न नव्हे. त्या चौदांपैकी फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टन हे दोन संघ हंगाम मध्यावर येण्यापूर्वीच बुडाले. पहिला हंगाम जिंकणारा ह्यूस्टनचा संघ १९८० मध्ये बंद झाला. दुसरा हंगाम जिंकणारा न्यूयॉर्क स्टार्स तिसऱ्या हंगामात उतरलाच नाही. तिसरा हंगाम नेब्रास्का रँग्लर्सने जिंकला, आणि मग लीगच उरली नाही. विजेतेपदाने एकाही संघाला वाचवले नाही. उत्तम खेळ हा येथे जगण्याचा आधार नव्हताच.

१९८० च्या मॉस्को ऑलिंपिकविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्या काळच्या नियमानुसार वेतन घेणाऱ्या बास्केटबॉलपटूला ऑलिंपिकचे दार बंद असे. जागतिक बास्केटबॉल संघटनेने ही बंदी १९८९ मध्ये उठवली. त्यामुळे अनेक उत्तम खेळाडू १९८० पर्यंत लीगबाहेर थांबल्या. कॅरल ब्लेझजोवस्की त्यांपैकी एक. ऑलिंपिक संघात तिची निवड झाली, आणि मग कार्टर सरकारने अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून मॉस्कोवर बहिष्कार टाकला. ज्या स्पर्धेसाठी त्यांनी वेतनावर पाणी सोडले ती स्पर्धा त्यांच्या सरकारने काढून घेतली, आणि ज्या प्रसिद्धीवर लीगने भिस्त ठेवली होती तीही गेली. ‘हौशी’पणाचा हा नियम ज्याला घरचा आधार आहे त्यालाच परवडतो. समाजवादी देशांतील खेळाडूंना सरकारी नोकरीच्या रूपाने तो आधार मिळे, हे लपवण्याचे कारण नाही; खेळाडूच्या पोटाची व्यवस्था कोणीतरी केली पाहिजे हेच त्यातून दिसते. अमेरिकेत ती व्यवस्था खेळाडूने स्वतः करावी आणि वर हौशी म्हणवून घ्यावे, अशी अपेक्षा होती.

तिसऱ्या हंगामात नऊ संघ उतरले. खेळाचा दर्जा उंचावला होता. न्यू जर्सीकडून खेळणाऱ्या ब्लेझजोवस्कीने सामन्यामागे सुमारे ३० गुणांची सरासरी राखली; डॅलस आणि नेब्रास्का यांच्यातील अंतिम मालिका पाचव्या सामन्यापर्यंत गेली. आणि त्याच हंगामात, १९८१ च्या जानेवारीत, न्यू इंग्लंड गल्सच्या खेळाडूंनी वेतन न मिळाल्यामुळे खेळण्यास नकार दिला व तो संघ संपला. दोन महिन्यांनी मिनेसोटाच्या खेळाडूंनी शिकागोत तेच केले. मिनेसोटा हा तिन्ही हंगाम टिकलेल्या तीन मूळ संघांपैकी एक. म्हणजे उपऱ्या, हंगामापुरत्या संघाची ही गोष्ट नव्हे.

मालकांची बाजू अशी मांडली जाते की तेही बुडाले. हे खरे आहे. सगळेच मालक गब्बर नव्हते. काहींनी स्वतःची पुंजी या उद्योगात घालवली. परंतु नफ्याचे समर्थन करताना भांडवलदार काय सांगतो? जोखीम मी पत्करतो, म्हणून नफा माझा. येथे गल्ला रिकामा होताच जोखीम खेळाडूंच्या अंगावर ढकलली गेली. त्या मुली आठवड्यामागून आठवडे प्रवास करून, दुखऱ्या गुडघ्यांनिशी उधारीवर सामने खेळत राहिल्या. श्रम आधी, दाम मागाहून, आणि मागाहून म्हणजे कधी नाही. अशा व्यवहारात श्रम करणारी व्यक्ती स्वतःच्या इच्छेविरुद्ध मालकाची सावकार बनते; फक्त तिच्या हाती ना व्याज असते, ना तारण. कित्येकींना आपली थकबाकी अखेरपर्यंत मिळाली नाही.

मैदान सोडण्याचा निर्णय भाबडा होता काय? हंगाम संपायला थोडेच दिवस उरले होते, लीग डळमळीत होती, पाठीशी उभी राहील अशी बळकट संघटना नव्हती. हिशेबी माणूस म्हणेल, त्यांच्या हाती काय आले? मला वाटते, त्या खेळल्या असत्या तरी हाती काही येणार नव्हते. फरक इतकाच की न खेळल्यामुळे वेतनाचा प्रश्न मालकाच्या कचेरीतून निघून प्रेक्षकांसमोर आला.

१९९६ मध्ये सुरू झालेली अमेरिकन बास्केटबॉल लीग १९९८ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. पुरुषांच्या श्रीमंत लीगच्या आधाराने १९९७ मध्ये सुरू झालेली डब्ल्यूएनबीए टिकली, आणि १९९८ मध्ये तेथील खेळाडूंनी आपली संघटना उभारली. जुन्या लीगच्या खेळाडूंचा नॉक्सव्हिल येथील महिला बास्केटबॉलच्या सन्मानगृहात २०१८ मध्ये गौरव झाला. लीग बंद पडून तेव्हा ३७ वर्षे झाली होती. २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या प्रक्षेपणहक्कांचा अकरा वर्षांसाठी सुमारे २२० कोटी डॉलरचा करार झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात खेळाडूंच्या संघटनेने वेतनकरारातून बाहेर पडण्याचा हक्क बजावला. १९ जुलै २०२५ रोजी इंडियानापोलिस येथील सर्वतारका सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या खेळाडू एकाच मजकुराचे सदरे घालून सरावाला उतरल्या. त्यांवर छापले होते: तुम्ही आमचे जे देणे लागता, ते द्या.