सामान्यज्ञान आणि ‘कशावरून ?’

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंत प्रश्नमंजूषेची स्पर्धा झाली. प्रश्न काढण्याचें काम आम्हांकडे होतें. तेव्हां तींत जो दोष राहिला तो आमचाच होय, हें प्रथमच सांगून टाकितों. इतिहासाचे वीस आणि चित्रपट, संगीत व खेळ यांचे वीस, असे चाळीस प्रश्न. जो गट आधीं घंटी दाबील त्यानें उत्तर द्यावयाचें. बरोबर उत्तरास दहा गुण. त्यांतील एक प्रश्न आमच्या गांवाविषयींच होता : ‘भद्रावतीस कोणता चिनी प्रवासी येऊन गेला ?’ ताडोब्याच्या बाजूच्या एका खेड्यांतून येऊन वसतिगृहांत राहणाऱ्या नववीच्या एका मुलीनें घंटी दाबली आणि उभी राहून ती म्हणाली, “सर, तो येथें आला होता हें नक्की सांगतां येत नाहीं.” सभागृहांत हंशा पिकला. दुसऱ्या गटानें ‘ह्युएनत्संग’ असें उत्तर दिलें. दहा गुण त्यांस मिळाले, आणि शेवटीं तेवढ्याच दहा गुणांनीं ढाल त्यांच्याकडे गेली.

त्या रात्रीं आम्हांस स्वस्थ झोंप लागली नाहीं. कारण ती मुलगी खरें बोलली होती, आणि तें तिला आम्हींच शिकविलें होतें. विजासन टेकडीच्या लेण्यांस सहल नेली त्या दिवशीं, आंतील बुद्धमूर्तीसमोर उभें राहून आम्हीं सांगितलें होतें कीं, ह्युएनत्संगानें सातव्या शतकांत कोसल देश पाहिला, तेथील बौद्ध राजाचें व मठांचें वर्णन लिहिलें. परंतु राजधानीचें नांव मात्र लिहून ठेविलें नाहीं. कलिंगापासून वायव्येस १,८०० ली, आणि तेथून दक्षिणेस ९०० ली गेल्यावर आंध्र देश, एवढीच काय ती खूण. (ली हें अंतर मोजण्याचें चिनी माप.) या खुणेवरून विद्वान शोध करूं लागले, तेव्हां कनिंगहॅमसाहेबांनीं चांदा ठरविलें, फर्ग्युसनसाहेबांनीं वैरागड सुचविलें, कोणी आमचें भांदक म्हटलें, आणि पुढें पुष्कळांचा कल छत्तीसगडांतील सिरपूरकडे झाला. एका प्रवाशाच्या मुक्कामावर चार गांवांनीं हक्क सांगावा, आणि त्यांतील तीन आपल्या चंद्रपूर-गडचिरोलींत असावींत, ही गोष्ट त्याच्या नांवापेक्षां कितीतरी अधिक गोडीची आहे. परंतु प्रश्न काढावयास बसलों तेव्हां हें सर्व विसरून आम्हीं बाजारांत मिळणारी एक सामान्यज्ञानाची पुस्तिका उघडली आणि तींतील एक ओळ उतरून घेतली.

चित्रपटांच्या प्रश्नांतही आम्हीं हेंच केलें. ‘पहिला भारतीय चित्रपट कोणता ?’ या प्रश्नास ‘राजा हरिश्चंद्र’ हें उत्तर आम्हीं धरून ठेविलें होतें. दादासाहेब फाळके यांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आला. पण त्याच चित्रगृहांत १८ मे १९१२ रोजीं दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखविला गेला होता. मग पहिला कोणता ? तोरण्यांनीं रंगभूमीवरील नाटकच कॅमेऱ्यानें टिपलें, कॅमेरा चालविणारा परदेशी होता, आणि फिल्म धुण्यासाठीं लंडनला पाठविली होती. म्हणून बहुतेक लोक मान फाळक्यांस देतात. हें कारण ऐकलें म्हणजे मुलाच्या मनांत विचार येतो कीं, नाटक आणि चित्रपट यांत भेद तो कोणता ? नुसतें नांव ऐकून तो पुढच्या प्रश्नाची वाट पाहूं लागतो. कित्येक पालकांस शाळेंत चित्रपटाविषयीं प्रश्न विचारणेंच खटकतें. आम्हांस तें खटकत नाहीं. इतिहासाचा प्रश्न चित्रपटाच्या प्रश्नाइतकाच पोकळ असूं शकतो, हें आम्ही वर दाखविलेंच आहे.

अशा खेळांची आम्ही निंदा करीत नाहीं. ज्या अंजनगांव सुर्जीचें नांव १८०३ च्या शिंदे-इंग्रज तहामुळें पाठ्यपुस्तकांत आलें, त्याच गांवच्या बबिता ताडे यांनीं २०१९ सालीं ‘कौन बनेगा करोडपती’ मध्यें एक कोटी रुपये जिंकले. त्या शाळेंत मुलांची खिचडी शिजवीत, आणि त्यांस महिना १,५०० रुपये मिळत. आपल्या वऱ्हाडच्या बाईचा तो विजय पाहून आमच्याही घरीं आनंद झाला. परंतु सर्वांनीं तो एक कोटीचा प्रश्नच ध्यानांत ठेविला. आम्हांस त्यापुढील क्षण अधिक मोलाचा वाटतो. सात कोटींचा प्रश्न समोर असतां त्या थांबल्या. त्या खेळांत थांबतां येतें. ‘मला खात्री नाहीं’ म्हणणारा आपली सर्व कमाई घरीं नेतो, आणि खात्री नसतां उत्तर ठोकून देणारा तींतील बहुतेक गमावितो. पैशाच्या खेळानें शंकेस जो मान दिला, तो आम्हीं शाळेंत दिला नाहीं.

पालक म्हणतील, “पोलीस भरतीला आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला एकच पर्याय निवडावा लागतो, तेथें आमच्या मुलांची वादाची हौस कोण पुरविणार?” भीति खरी आहे, शेती पुरत नाहीं, खाणींत व आयुध निर्माणींत सर्वांस जागा नाहीं, हें आम्हीही जाणतों. परंतु तो आयोगदेखील परीक्षेनंतर उत्तरतालिका प्रसिद्ध करितो, तिजवर हरकती मागवितो, आणि हरकत योग्य ठरली तर उत्तर बदलतो किंवा प्रश्नच रद्द करितो. हरकत घ्यावयाची म्हणजे पुरावा दाखवावा लागतो, आणि ‘कशावरून?’ ही संवय नसलेला मुलगा पुरावा आणील कोठून ? लूकच्या शुभवर्तमानांत बारा वर्षांचा येशू मंदिरांत गुरुजनांमध्यें बसलेला आढळतो, तो त्यांचें ऐकत व त्यांस प्रश्न करीत. आमच्या स्पर्धेंत मुलांनीं उलट प्रश्न करावा अशी सोयच नव्हती.

यंदा आम्हीं प्रश्न चाळीसांवरून पंधरांवर आणिले आहेत. घंटी काढून टाकिली आहे. उत्तरास पांच गुण, ‘कशावरून ?’ यास पांच. आणि जेथें जाणत्यांचेंच एकमत नाहीं, तेथें कारणासह ‘नक्की नाहीं’ म्हणणारास पुरे दहा. ज्यांच्या घरीं मोबाइल नाहीं अशांसाठीं, कोणतीं पुस्तकें चाळावींत याची यादी महिनाभर आधीं वाचनालयाच्या दारावर लावूं. एक आठवडा हरकती घेतल्या जातील, आणि त्या आमच्याविरुद्धही घेतां येतील.

गेल्या वर्षाची ढाल परत मागतां येत नाहीं. ज्यांनीं ती जिंकली त्या मुलांचा यांत कांहींच अपराध नव्हता. त्या मुलीची मात्र आम्हीं सकाळच्या प्रार्थनेनंतर सर्व शाळेसमोर क्षमा मागितली. ती लाजून खालीं पाहत राहिली. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत शिक्षकांच्या खोलीच्या दारांत येऊन तिनें विचारलें, “सर, सिरपूर म्हणणारे तें कशावरून म्हणतात ?” आम्हांस तिच्याकडे दोन दिवसांची मुदत मागावी लागली.