ड्यूटीचा तक्ता कोणाच्या हाती?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभरातील विमानतळांवर प्रवाशांचे जे अतोनात हाल झाले, त्यांचे खापर कोणाच्या माथी फोडण्यात आले, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात ठेवले पाहिजे. वैमानिकांना जादा विश्रांती देणारे नवे नियम आले आणि म्हणून विमाने जमिनीवर राहिली, असे आपल्याला सांगण्यात आले. हे विधान खोटे आहे. ते नुसतेच खोटे असते, तर त्याचा समाचार घेण्याचे काम वैमानिकांच्या संघटनांवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता आले असते. परंतु श्रमिकाची विश्रांती ही जनतेच्या सोयीच्या आड येणारी चैन आहे, असा एक संपूर्ण सिद्धान्त या विधानात दडलेला आहे. किनवटच्या किंवा निलंग्याच्या आगारातील एस. टी. चालकाला हाच सिद्धान्त रोज ऐकविला जातो.

प्रथम घटनाक्रम पाहू. वैमानिकांच्या कामाच्या वेळेचे सुधारित नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणे, मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंतचा काळ रात्र म्हणून धरणे, आणि रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणणे, हा त्यांचा गाभा. ते १ जून २०२४ पासून अमलात यावयाचे होते. विमान कंपन्यांनी विरोध केला आणि नियम लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. शेवटी १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती. या अवधीत देशातील सुमारे दोन तृतीयांश विमान प्रवासी ज्या इंडिगो कंपनीच्या हाती आहेत, तिने काय केले? तिने पुरेसे वैमानिक उभे केले नाहीत. २०२४-२५ या वर्षात ७,००० कोटी रुपयांहून अधिक नफा मिळविणाऱ्या कंपनीला ते परवडत नव्हते, असे कोणी म्हणू नये.

परिणाम सर्वांसमोर आहे. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उड्डाणांना विलंब झाला आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकून पडले. हे आकडे महासंचालनालयाचेच आहेत. माणसे आणि विमाने जास्तीत जास्त राबविण्याच्या हव्यासापायी कंपनीने वेळापत्रकात सवड म्हणून काही शिल्लकच ठेवली नव्हती, असा निष्कर्षही त्याच महासंचालनालयाने काढला आणि जानेवारी २०२६ मध्ये २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला. परंतु ऐन पेचप्रसंगात सरकारने काय केले होते? ५ डिसेंबरला रात्रीच्या कामासंबंधीच्या नियमांतून या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, हे कलमही त्याच दिवशी मागे घेतले, तेही सर्व कंपन्यांसाठी. अपराध व्यवस्थापनाचा आणि त्याचे प्रायश्चित्त वैमानिकाच्या झोपेने, असा हा न्याय आहे.

या विश्रांतीचे मोल काय आहे, हे २२ मे २०१० रोजी मंगळूरला दिसले होते. दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ माणसे मृत्यू पावली. कप्तान प्रवासाचा बराच काळ झोपलेला होता, हे विमानातील ध्वनिमुद्रणावरून चौकशीत निष्पन्न झाले.

आता अर्थशास्त्राच्या अंगाने थोडा विचार करू. हजारो वैमानिक, शेकडो विमाने आणि रोजची दोन हजारांवर उड्डाणे यांची सांगड आज संगणक घालतो. या गणिताचे स्वरूप सोपे आहे. एकूण खर्च कमीत कमी करावयाचा आणि घालून दिलेल्या मर्यादा ओलांडावयाच्या नाहीत. जी मर्यादा आकड्यात लिहून दिलेली असते, तेवढीच यंत्राला कळते. जी लिहिलेली नाही, ती त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. अपुरी झोप, घरातले आजारपण, चार रात्री ओळीने जागल्यानंतरचा थकवा यांना या गणितात किंमत नाही. त्यामुळे ‘यंत्राने वेळापत्रक काढले’ हे उत्तर म्हणजे निव्वळ पळवाट आहे. कोणत्या मर्यादा लिहावयाच्या, हे माणसे ठरवितात. खरा प्रश्न आहे, तो त्या माणसांत कामगाराचा प्रतिनिधी बसतो की नाही, हा. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांत वैमानिक संघटनेशी होणाऱ्या करारात कामाच्या वेळापत्रकाचे स्वतंत्र प्रकरण असते, आणि ज्येष्ठतेच्या क्रमाने वैमानिक आपल्या महिन्याच्या ड्यूट्या मागून घेतात. आपल्याकडे २००९ साली जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना स्थापन करताच दोघांना बडतर्फ करण्यात आले. सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिक सामुदायिक रजेवर गेले, तेव्हा कोठे तडजोड झाली.

येथे आपल्यातलेच काही साथी हरकत घेतील. लाखांत पगार घेणाऱ्यांसाठी नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्याने का झुरावे? नांदेडहून हैदराबादचे ‘उडान’ योजनेतील विमान २७ एप्रिल २०१७ रोजी मोठ्या गाजावाजाने सुरू झाले आणि ते चालविणारी ट्रूजेट कंपनी २०२२ साली बंदही पडली. सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध किती? हरकत समजण्यासारखी आहे, पण ती वर्गीय विश्लेषणाची नसून पगाराच्या पावतीची आहे. स्वतःच्या श्रमाची वेळ ज्याला ठरविता येत नाही, तो पगार कितीही असला तरी कामगारच आहे. कप्तानाने नोकरी सोडताना एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची नोटीस दिलीच पाहिजे, असा नियम सरकारने २०१७ साली केला. कामगाराला वर्षभर बांधून ठेवणारा नियम पक्का आणि त्याला झोप देणारा नियम एका दिवसात स्थगित, यातच सर्व काही आले.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. मुक्कामी गाडीचा चालक संध्याकाळी आगारातून निघतो, रात्री गावी पोहोचतो, गाडीतच किंवा जवळपास आडोसा पाहून अंग टाकतो आणि पहाटे शाळेची पोरे, बाजारकरी आणि दवाखान्याला निघालेली माणसे घेऊन परततो. ती रात्र कामाची की विश्रांतीची? नांदेडहून किंवा लातूरहून पुण्या-मुंबईला रात्रभर गाडी नेणाऱ्याच्या डोळ्यांवरची झापड वैमानिकाच्या झापडीहून वेगळी असते काय? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस, ४८ तासांचा आठवडा, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा आणि मधला रिकामा वेळ धरून ड्यूटीचा पसारा बारा तासांच्या आत, असे बंधन घातले होते. लांब पल्ल्यासाठी सवलत होती, पण तीही दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांचीच. हा कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. आठ तास कागदावर कायम आहेत. मात्र कामाचा पसारा किती, हे ठरविणे सरकारी अधिसूचनेवर सोपविण्यात आले आहे. अधिसूचना एका दिवसात कशी फिरते, हे दोनच आठवड्यांनी वैमानिकांच्या बाबतीत दिसून आले.

मग करारांत आपण काय मिळविले? जून २०१८ मध्ये एस. टी. कामगारांसाठी ४,८४९ कोटी रुपयांची वाढ मंत्र्यांनी परस्पर जाहीर केली आणि त्याविरुद्ध संप झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला, विलीनीकरणाच्या मागणीचा दीर्घ संप एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने संपला. त्यात मधेच सेवाकालानुसार ५,०००, ४,००० आणि २,५०० रुपयांची मूळ वेतनवाढ जाहीर झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये ६,५०० रुपयांवर संप मिटला. हे रुपये कामगारांनी हाल सोसून मिळविले आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तथापि, या सर्व घोषणांत ठळकपणे जनतेसमोर आले ते आकडे रुपयांचे होते. ड्यूटीच्या तासांचा, मुक्कामाच्या रात्रीचा, डबल ड्यूटीला नकार देण्याच्या हक्काचा आकडा कोठे होता? आणि भाडेतत्त्वावरील गाडीवर बसलेला ठेकेदाराचा चालक तर एस. टी.च्या वाटाघाटींच्या हिशेबातच नाही.

आपल्या चळवळीला हा विचार नवा नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये रेल्वेच्या इंजिनचालकांनी संप केला तो प्रामुख्याने कामाच्या तासांसाठी, आणि टप्प्याटप्प्याने दहा तासांची मर्यादा आणण्याचे रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांना मान्य करावे लागले. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली मे १९७४ मध्ये झालेल्या देशव्यापी संपातही बोनस आणि वेतनाइतकीच आठ तासांच्या दिवसाची मागणी पुढे होती. तो संप दडपशाहीने मोडला, पण काळ हाच कामगाराचा पहिला हक्क, ही त्याची शिकवण मोडीत काढण्याचे कारण नाही.

म्हणून आगारा-आगारातील कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या आतापासून मांडल्या पाहिजेत. ड्यूटीचा तक्ता हा वेतनाइतकाच वाटाघाटीचा विषय मानला जावा. तो संघटनेच्या प्रतिनिधीच्या संमतीने ठरावा आणि पुरेसा आधी फलकावर लागावा. मुक्कामाची रात्र विश्रांती म्हणून धरावयाची असेल, तर तेथे झोपण्याजोगी जागा, पाणी आणि संडास असलाच पाहिजे. नसेल तर ती रात्र काम म्हणून मोजावी. ठेकेदाराच्या चालकालाही हीच मर्यादा लागू व्हावी. आणि सरकारला कितीही अडचण आली, तरी विश्रांतीचे कलम स्थगित करता येऊ नये. नव्या औद्योगिक संबंध संहितेने संपाला चौदा दिवसांच्या नोटिशीची आणि एकमेव वाटाघाटी संघटनेला ५१ टक्के पाठिंब्याची अट घातली आहे. विखुरलेल्या संघटनांना यापुढे ही चैन परवडणार नाही.

प्रवासी या लढ्यात आपल्या विरुद्ध बाजूस नाही. देगलूर, उदगीर, अहमदपूरच्या स्थानकांवर गाडीची वाट पाहणाऱ्याला हे समजावून सांगणे, हे संघटनेच्या बैठकीइतकेच महत्त्वाचे काम आहे. ज्या चालकाच्या हाती आपला जीव सोपवून आपण निर्धास्त झोपतो, तो रात्री झोपला होता की नाही, हे विचारण्याचा अधिकार प्रवाशालाही आहे. तो त्याने आपल्याबरोबर उभे राहून विचारावा, एवढे काम करारापूर्वी आपल्याला करावयाचे आहे.