मृगाच्या भरवशावर चेन्नईत झाड लावू नका

फौजीच्या घरातली झाडं कुंडीतच म्हातारी होतात. दोन-तीन वर्षांत बदली होणार, मग जमिनीत कशाला लावायचं? माझंही हेच मत होतं. आईने साताऱ्याच्या परसातून दिलेली लाल जास्वंद जबलपूर, सिकंदराबाद करत ट्रकमधून चेन्नईला आली, ती त्याच कुंडीतून. आई आता नाही. सेंट थॉमस माउंटच्या क्वार्टरमध्ये आल्यावर बघतो तर भोकातून मुळं बाहेर आलेली, सकाळचं पाणी दुपारपर्यंत गायब आणि कळ्या उमलायच्या आधीच गळताहेत.

नशीब, आधी तिच्या फांदीचं एक रोप लावून पाहिलं. आपल्याकडे मृग लागला की खड्डा खणायचा, हे डोक्यात पक्कं. ७ जून गाठून लावलं. पंधरा दिवसांत वाळलं. सह्याद्री ज्या वाऱ्याला पिळून घेतो, तोच वारा इथे कोरडा होऊन पोचतो. जूनमध्ये चेन्नईत पारा ३७-३८ वर असतो. संध्याकाळी एखादी सर येते, पण तिच्यावर नवं रोप तगत नाही.

बागेतले अण्णा हसले. म्हणाले, "सर, पुरट्टासीत लावा." म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. चेन्नईच्या वर्षभराच्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तो सुरू व्हायच्या आधी तीन-चार आठवडे मिळाले तर मुळं जमीन धरतात. अगदी नोव्हेंबरात लावलं तर खड्ड्यात पाणी तुंबून मुळं कुजतात, शिवाय वादळं त्याच सुमाराला येतात. १२ डिसेंबर २०१६ च्या वरदा वादळात या शहरात हजारो मोठी झाडं आडवी झाली, तिथे कोवळ्या झाडाचं काय!

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ऊन कलल्यावर, आईची जास्वंद लावली. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, खोली मात्र कुंडीएवढीच. कुंडीच्या आकारात गोल फिरलेली मुळं हाताने सोडवली, अगदी गुंतलेली होती ती कापली. हे केलं नाही तर झाड जमिनीतही कुंडीतच राहतं. बुंध्याशी माती थोडी उंच ठेवली आणि आधाराला काठी बांधली. आठवडाभर पानं मलूल होती. सौ. रोज माझ्याकडे बघायची, बोलायची काही नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर नवी पालवी दिसली तेव्हा कुठे दोघं निवांत झोपलो.

बरेच जण म्हणतील, आईचं झाड परक्या अंगणात सोडून जाणार? मला वाटतं, कुंडीत गुदमरवत बरोबर फिरवण्यापेक्षा हे बरं. पावसाळ्यात तिच्या दोन फांद्या लहान कुंडीत रुजवल्यात, त्या बरोबर येतील. मार्चमध्ये बदली आहे. क्वार्टर सोपवायच्या यादीत पंखे, नळ, ट्यूबलाइट लिहून झाल्यावर खाली मी लिहिणार आहे: जास्वंद एक, उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पाणी.