रिकामंच तर होतं!

साडी नेसायला मला बावीस मिनिटं लागतात. मोबाइलवर व्हिडिओ बघत नेसली तर पस्तीस. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा लोचा या बावीस मिनिटांतच झालाय.

त्या शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याला एका मैत्रिणीचं रिसेप्शन होतं आणि मी दुपारपासून अंधेरीत कामासाठी वणवण फिरत होते. आम्हा फ्रीलान्सर मंडळींना ना डेस्क, ना लॉकर, ना ऑफिसची वॉशरूम. त्यामुळे मुंबईतल्या झाडून सगळ्या मॉल्सची टॉयलेट्स आम्हाला तोंडपाठ! कुठे आरसा बरा आहे, कुठे साबण असतो, कुठे दाराला कडी नाही, सगळं. तर अशाच एका ओळखीच्या मॉलमध्ये मी साडीची पिशवी घेऊन शिरले. लेडीजमध्ये ही भली मोठी रांग. माझ्यापुढे सातजणी. आणि कोपऱ्यात ते रुंद, निळ्या चित्राचं दार. व्हीलचेअरचं चित्र. आत कोणी नाही. बाहेर कोणी नाही.

तुम्ही काय केलं असतं?

मी तेच केलं. आणि आत गेल्यावर तर एकदम सही वाटलं. माझ्या भाड्याच्या खोलीतल्या बाथरूमच्या दुप्पट जागा. स्वतंत्र बेसिन, स्वतंत्र आरसा, फरशी कोरडी. कमोडशेजारच्या स्टीलच्या दांडीवर मी परकर टाकला, दुसरीवर ब्लाऊज. एक लाल दोरी सारखी मध्ये येत होती, ती गुंडाळून वर अडकवली. आणि गाणं गुणगुणत निऱ्या घालायला लागले.

दारावर टकटक झाली तेव्हा माझ्या तोंडात तीन सेफ्टी पिना होत्या. ‘हुं हुं’ म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा टकटक. ‘येतेय, येतेय!’ मी जरा वैतागूनच ओरडले. मनात आलं, काय घाई असते लोकांना.

दार उघडलं. समोर व्हीलचेअरवर एक बाई. चाळिशीच्या असाव्यात, फॉर्मल शर्ट, मांडीवर लॅपटॉपची बॅग. मी पैठणीत. (पैठणी आईची, खांद्यावर पदर पिनअप केलेला, कपाळाला टिकली. म्हणजे आत मी काय करत होते हे लपवायची सोयच नव्हती.)

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, ‘झालं?’

‘सॉरी हं... ते रिकामंच होतं, म्हणून...’

‘रिकामंच असायला हवं ना ते,’ असं म्हणत त्या आत गेल्या. दोन सेकंदांत पुन्हा आवाज आला, ‘अगं, तुझा परकर राहिलाय बहुतेक.’

परकर नव्हता, ओढणी होती. पण ते जाऊ दे.

खरं तर मी तिथून पळून जायला हवं होतं. पण ओढणी आत होती. म्हणून थांबले. आणि त्या बाहेर आल्यावर परत सॉरी म्हणताना जे बोलणं झालं, त्यापायी रिसेप्शनला पोचेपर्यंत आइस्क्रीम संपलं होतं.

त्या म्हणाल्या, ‘तुझ्या रांगेत सातजणी होत्या ना? पण तुझ्यासाठी दारं किती होती?’ मी मोजली. सहा. सहापैकी कुठलंही उघडलं की माझं काम होणार होतं. त्यांच्यासाठी एक. त्या एकाच दाराची त्यांची रांग म्हणजे मी. बाकी सहा दारांतून त्यांची खुर्ची आतच जात नाही. मॉलच्या तळमजल्यावर आणखी एक असं टॉयलेट आहे म्हणे, पण त्याला कायम कुलूप. म्हणून त्या लिफ्टने वर आल्या होत्या.

आणि पाच-दहा मिनिटांनी काय बिघडतं, असं जे आपल्याला वाटतं ना, तिथेच मोठी गोची आहे. मणक्याला इजा झालेल्या अनेकांना लघवी लागल्याचं कळतच नाही. दर चार ते सहा तासांनी, घड्याळ लावून, स्वतः कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. त्याला बेसिन लागतं, स्वच्छ हात लागतात, सामान ठेवायला जागा लागते. इजा पाठीच्या वरच्या भागात असेल, तर नुसत्या तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब एकदम चढू शकतो, इतका की जिवावर बेतावं. आपण ‘येतेय, येतेय’ म्हणतो तेव्हा दाराबाहेर हे चाललेलं असू शकतं. त्या बाईंनी मात्र हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. ‘बाहेर पडायचं असेल त्या दिवशी मी पाणी मोजून पिते. सिनेमा कुठला बघायचा ते हिरोवर नाही, थिएटरच्या टॉयलेटवर ठरतं. इंटरव्हलला कॉफी? छे!’ पाणी कमी प्यायलं की इन्फेक्शन होतं, तेही त्यांना चांगलं माहीत आहे. दोन्हीकडून मार.

घरी गेल्यावर मी त्या खोलीच्या आकाराचं गणित वाचून काढलं. व्हीलचेअर जागच्या जागी पूर्ण फिरायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं लागतं. दार ९०० मिलिमीटर रुंद. कमोडची सीट जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटरवर, म्हणजे खुर्चीच्या सीटच्या जवळपास, कारण एकीवरून दुसरीवर सरकायचं असतं. दार बाहेरच्या बाजूला उघडतं किंवा सरकतं, कारण आत कोणी दाराला टेकून पडलं तर आत ढकलायचं दार उघडणारच नाही. आणि ती लाल दोरी! ती जमिनीपर्यंत लोंबत असते, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोचतो. मी ती छान गुंडाळून वर अडकवून आले होते.

म्हणजे मला जी ‘ऐसपैस’ जागा वाटली, तिच्यात फालतू असं एक इंचही नव्हतं.

आता ओल्या फरशीचं बोलू. हा आपला खास देशी मामला. आपल्याला जेट लागतो, आणि तो वापरला की सीट ओली, फरशी ओली, कधी कधी समोरची भिंतसुद्धा. ‘पाणीच तर आहे’ म्हणून आपण बाहेर पडतो. पण खुर्चीतून कमोडवर जाताना त्या सीटवर आणि दांडीवर तळहात टेकून अख्खं अंग उचलावं लागतं. हात सटकला तर थेट खाली. फरशीवरच्या त्या पाण्यातून चाकं फिरतात आणि मग तीच चाकं हातांनी ढकलत माणूस फूड कोर्टात जातो. कुबडी वापरणाऱ्यांचं तर विचारूच नका. तेव्हा समजा वापरलंच, तर टिश्यूने सीट पुसून, दोरी जिथल्या तिथे सोडून निघायला काय जातं आपलं?

‘म्हणजे आम्ही वापरायचंच नाही का?’ हा प्रश्न मी त्यांना विचारला होता. मला वाटलं, आता लेक्चर मिळणार. त्या हसल्या. ‘जोराची लागलीय, बाकी सगळं भरलंय, बाहेर कोणी दिसत नाहीये, तर जा की. दोन मिनिटांत बाहेर ये. मी काय पोलीस आहे? पण साडी नको गं नेसूस.’

ब्रिटनमध्ये यावर १९८१पासून एक तोडगा आहे. अशा बऱ्याच टॉयलेट्सना एकाच प्रकारचं कुलूप असतं आणि ज्यांना गरज आहे त्यांच्याकडे त्याची किल्ली. देशभर कुठेही जा, तीच किल्ली चालते. आयडिया मस्त आहे, पण आपल्याकडे मला तिची भीतीच वाटते. आपल्याकडे कुलूप लागलं की ते लागूनच राहतं.

मला जास्त प्रॉब्लेम वाटतो तो ऑफिसांचा. खरं सांगा, तुमच्या ऑफिसातलं ते मोठं टॉयलेट कोण वापरतं? दुसऱ्या कंपनीच्या एचआरचा फोन आला की तिथे. बॉयफ्रेंडशी भांडण, तिथे. अप्रेझलनंतरचं रडणं, तिथे. जिमचे कपडे बदलणं, तिथे. मी नोकरीत होते तेव्हा माझा एक अख्खा टेलिफोनिक इंटरव्ह्यू मी अशा खोलीत दिलाय, मध्येच कुणाचा तरी हँड ड्रायर सुरू झाल्यावर ‘एअरपोर्टवर आहे’ अशी थाप मारून. ओपन ऑफिसात रडायला कोपरा नाही, हे मान्य. तो मॅनेजमेंटशी भांडायचा विषय आहे. पण ‘आमच्या ऑफिसात व्हीलचेअरवर कोणी नाहीच’ हे जे आपण छाती ठोकून सांगतो, त्यातली मेख बघा. उद्या जिला इंटरव्ह्यूला बोलावलंय तिचं काय? शिवाय कोणाचा पाय प्लास्टरमध्ये आहे, कोणाचं नुकतंच ऑपरेशन झालंय, हे तुम्हाला मेल करून कळवतात का?

तर, मॉलच्या त्या प्रसंगानंतर माझ्यात एकदम समाजसुधारक संचारला. पंधरा दिवसांनी एका मल्टिप्लेक्सच्या वॉशरूममध्ये कॉलेजातली एक मुलगी त्या मोठ्या दारातून टुणकन बाहेर आली. टाइट जीन्स, हातात पॉपकॉर्न. मी अगदी मास्तरणीच्या सुरात म्हटलं, ‘ते अपंगांसाठी असतं हं.’

तिने माझ्याकडे पाहिलं. ‘माहितीये,’ म्हणाली आणि हात धुऊन गेली.

बस. एवढंच. ती तिथे का गेली होती हे मला आजही माहीत नाही. मी मात्र हा पराक्रम माझ्या एका मैत्रिणीला फोन करून रंगवून सांगितला. ती गप्प. मग म्हणाली, ‘मलाही कोणीतरी असंच बोललं होतं.’ दहा वर्षांची आमची मैत्री. तिला मोठ्या आतड्याचा जुनाट आजार आहे हे मला माहीत होतं, ‘पोटाचं काहीतरी’ या सदरात. त्याचा अर्थ काय, हे कधी विचारलंच नव्हतं. अर्थ असा, की कळ आल्यापासून हातात एखादं मिनिट असतं. रांग ही गोष्ट तिच्यासाठी नाहीच. तिच्या पर्समध्ये कायम एक जोड कपडे असतात आणि ते बदलायला, धुवायला बेसिन आतच लागतं. एका ठिकाणी वॉशरूमच्या मावशींनी तिला दारातच अडवलं होतं. ‘मॅडम, ये हँडिकॅप का है. आप तो ठीक हो.’ रांगेतल्या सगळ्याजणी बघत होत्या. पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गंमत बघा, चूक थोडी त्या चित्राचीही आहे. १९६८ साली सुसान कोफोड नावाच्या डॅनिश डिझाइन विद्यार्थिनीने ते काढलं. तिने नुसती खुर्ची काढली होती, डोकं नंतर जोडलं गेलं. चित्र जगभर गेलं आणि आपल्या डोक्यात पक्कं बसलं, खुर्ची नाही म्हणजे त्रास नाही. आपल्या २०१६च्या कायद्यात मात्र अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५च्या कायद्यात ७ होते. त्यातले कितीतरी लांबून बघून ओळखूच येत नाहीत. आणि गुडघे गेलेल्या आजी? त्या कुठल्याच यादीत नाहीत, पण बाजूला धरायला दांडी नसेल तर खाली बसल्यावर त्यांना उठताच येत नाही. पोटावर पिशवी लावलेले पेशंट आहेत. पक्षाघात झालेल्या बायकोला घेऊन आलेला नवरा आहे, आणि त्याच्यासाठी तर ही खोली लेडीजच्या आत असून उपयोगच नाही, तिला बाहेरून वेगळं दार हवं.

म्हणून मी आता दुसऱ्यांना हटकणं बंद केलंय. माझं माझ्यापुरतं ठरलंय, बाहेर आले आणि कोणी थांबलेलं दिसलं तर फक्त बाजूला होते. कारण विचारत नाही.

हटकायचंच असेल तर कुलूपवाल्यांना हटकावं. २०१६च्या कायद्याप्रमाणे सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. नियम आले जून २०१७मध्ये, म्हणजे मुदत जून २०२२मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं, की नुसत्या शिफारशी करून भागणार नाही, सक्तीचे नियम करा. हे वाचल्यावर मला त्या मॉलचा तळमजला आठवला.

गेले. कुलूप होतंच. मावशींकडे किल्ली मागितली. ‘तुम्हाला कशाला? वर जा ना.’ म्हटलं, नुसतं बघायचंय. त्यांनी कुरकुरत उघडलं. आत आठ बादल्या, चार वायपर, फिनेलचे कॅन, थर्मोकोलचं अर्धवट मखर आणि कमोडवर आडवा ठेवलेला ख्रिसमस ट्री. मावशी म्हणाल्या, ‘आम्हाला ठेवायला दुसरी जागाच नाय दिलेली.’ त्यांचंही खरंच होतं. मी फोटो काढून हेल्प डेस्कवर तक्रारीचा फॉर्म भरला, खाली फोन नंबर लिहिला.

तीन आठवड्यांनी चक्क फोन आला. ‘मॅडम, तुमची कम्प्लेंट क्लोज केलीय. स्टोअर शिफ्ट झालं.’ मी खूश होऊन बघायला गेले. काचेतून दिसलं, बादल्या खरंच गेल्या होत्या. ट्रीसुद्धा. दारावर नवा कोरा लॅमिनेट केलेला कागद होता, ‘किल्लीसाठी सिक्युरिटीशी संपर्क साधावा.’ सिक्युरिटीची केबिन मी शोधून काढली. ती मधल्या मजल्यावर होती. नऊ पायऱ्या चढून.

मी परत हेल्प डेस्कवर गेले आणि दुसरा फॉर्म मागितला.