पहिली कंपनीची गाडी घेताय? आधी डिकी उघडा



गेल्या महिन्यात अकलोलीला आपलं दोन दिवसांचं शिबिर झालं. भिवंडीकरांना अकलोली सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, वज्रेश्वरीजवळ तानसा नदीकाठचं गाव, गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध. सकाळी मंडळी कुंडावर पाय शेकायला गेली आणि मी चहाचा कप घेऊन पार्किंगमध्ये उभा राहिलो. वीस-बावीस गाड्या होत्या. निम्म्यांच्या मागच्या काचेवर फर्मचं नाव आणि मोबाइल नंबर. म्हणजे मालकाच्या मते ती 'कंपनीची गाडी'.

दुपारी ब्रँडिंगचं सत्र होतं. ते बाजूला ठेवलं, सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं आणि म्हटलं, आपापली डिकी उघडा.

एका नव्या कोऱ्या एसयूव्हीत निघाली स्टेपनी, छत्री आणि मुलाची बॅट. दुसऱ्या गाडीत कपड्यांची बॅग आणि देवळातल्या प्रसादाचा नारळ. मसाल्याचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंच्या जुन्या व्हॅनमध्ये मात्र मिरचीची रिकामी पोती, वजनकाटा, बिलबुक आणि चिकटपट्टीची रिळं. दार उघडताच सगळ्यांना शिंका!

एसयूव्हीवाला मित्र मानकोली-दापोड्याच्या गोदामांना साफसफाईचं साहित्य पुरवतो. धंदा चांगला आहे, वय तीसच्या आत. त्याचा माल जातो भाड्याच्या टेम्पोतून आणि टेम्पोच्या मागून एसयूव्हीतून जातो तो स्वतः. मी विचारलं, का? म्हणाला, "सर, क्लायंटवर इम्प्रेशन पडतं."

त्याला हसू नका. मीही हेच केलंय, फक्त गाडी स्वस्त होती.

शिकवायला लागण्याआधी मी भिवंडीत पॅकिंग मटेरियल विकायचो. 2011 साली एक पांढऱ्या नंबरप्लेटची पाच सीटची व्हॅन घेतली. पिवळी प्लेट नको, कारण रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचं होतं. सोमवारी मागची सीट काढायची, माल भरायचा. शनिवारी रात्री सीट परत बसवायची. एका गाडीत दोन कामं, मला वाटायचं काय हुशारी केली! पावसाळ्यात भिवंडी-वाडा रस्त्यावर (तो रस्ता पावसाळ्यात कसा असतो ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे) खड्डा चुकवताना एका ट्रकला घासलो. मला काही झालं नाही. गाडीचं बिल झालं 48 हजार.

विमा होता. सर्व्हेअर आला, त्यानं मागचं दार उघडलं, बबल शीटचे रोल पाहिले, फोटो काढला. क्लेम नामंजूर. भांडायला गेलो तर त्यांनी पॉलिसीतली ओळ दाखवली. खासगी गाडीच्या विम्यात भाड्यानं वाहतूक चालत नाही आणि मालवाहतूकही चालत नाही. सवलत आहे ती फक्त सॅम्पलना आणि स्वतःच्या सामानाला. मी म्हटलं, सॅम्पलच होते. तो म्हणाला, "चाळीस रोल?"

आजही निम्म्या लहान धंद्यांचा माल असाच पांढऱ्या प्लेटच्या गाडीतून फिरतो. रोज फिरतो म्हणून तो चालतो असं वाटतं. स्वतःचाच माल स्वतःच्या गाडीतून नेला तरी ती मालवाहतूकच. त्यासाठी मालवाहू म्हणून नोंदलेली, पिवळ्या प्लेटची गाडी लागते. त्यात फिटनेसचं काम मागे लागतं, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. पण एकूण वजन 3,000 किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. लायसन्सचीही भीती नको. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की साध्या एलएमव्ही लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवता येते.

तर, माझी व्हॅन गॅरेजमध्ये तीन आठवडे होती. त्या तीन आठवड्यांत टेम्पोच्या अकरा फेऱ्या झाल्या, फेरीला 900 प्रमाणे 9,900 रुपये. स्वतःच्या गाडीचा हप्ता, ड्रायव्हर आणि पेट्रोल धरून तेवढ्याच दिवसांचे सतरा हजारांवर जायचे. म्हणजे गाडी बंद होती तेव्हा धंदा जास्त फायद्यात होता. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं सांगत नाही.

त्याच हिशेबाला शिबिरात आजचे आकडे लावले. समजा छोटा हत्ती घेतला, कर्ज पाच लाख, व्याज साडेनऊ टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता साधारण 10,500. विमा, टायर, सर्व्हिसिंगचे महिन्याला 3,000 धरा. ड्रायव्हर 16,000. गाडी जागची हलली नाही तरी 29,500 गेले. इंधन फेरीला 500 आणि भाड्याचा टेम्पो 1,800 घेत असेल, तर स्वतःच्या गाडीत फेरीमागे 1,300 वाचतात. मग महिन्याला तेवीस फेऱ्या झाल्या तर ती गाडी स्वतःचं पोट भरते. स्वतः चालवलीत तर अकरा फेऱ्या पुरतात. आकडे तुमच्या धंद्याचे घाला, भागाकार तोच.

छोट्या हत्तीवरून आठवलं. मे 2005 मध्ये टाटा एस बाजारात आली. पुण्यात गिरीश वाघ यांच्या टीमनं ती बनवली, आणि बनवण्याआधी ते लोक तीनचाकी टेम्पोवाल्यांशी जाऊन बोलले. दोन सिलिंडरचं जेमतेम 700 सीसीचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. कामाला नेमकी लागेल एवढीच गाडी. पण त्या वेळचा एक किस्सा सांगितला जातो. कुणीतरी टेम्पोवाला म्हणाला, चार चाकांची गाडी असेल तर गावात लग्नाला मुलगी बरी मिळेल! म्हणजे मालाचा हिशेब करायला गेलेल्यांना माणसाची इभ्रतही ऐकावी लागली. म्हणून 'इम्प्रेशन' हा शब्द मी फळ्यावरून पुसला नाही. तो खर्चाच्या रकान्यात लिहिला, एवढंच.

आणि तो खर्च केवढा? एसयूव्हीवाल्या मित्रानं 13 लाखांची गाडी मार्च महिन्यात, प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेतली होती. कुणीतरी सांगितलं होतं, "टॅक्स वाचतो." वाचतो ना. कारवर घसारा वर्षाला 15 टक्के, पण वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा, म्हणजे साडेसात टक्के, 97,500 रुपये. त्यावर पंचवीस टक्के कर धरा, वाचले 24 हजार आणि काही. 24 हजार वाचवायला 13 लाख! शिवाय महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या कारला वाहनकर 20 टक्क्यांपर्यंत जातो, स्वतःच्या नावावर तो बराच कमी असतो. त्याचे त्यात लाखभर जास्त गेले. ही गोष्ट शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. जीएसटीचंही तसंच. बसायच्या कारवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, टॅक्सी किंवा ड्रायव्हिंग स्कूल असे मोजके धंदे सोडले तर. मालवाहू गाडीवर मिळतं. सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवर दर 18 टक्के झालाय. सहा लाखांच्या गाडीवर 1,08,000 जीएसटी, आणि तुम्ही नेहमीच्या पद्धतीनं रिटर्न भरत असाल तर तो क्रेडिटमध्ये धरता येतो. कंपोझिशनमध्ये असाल तर नाही.

त्या मसालेवाल्या ताईंच्या व्हॅनबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण माझ्या दृष्टीनं त्या पार्किंगमधली सगळ्यात चांगली कंपनीची गाडी तीच होती. सेकंडहँड, मालवाहू नोंदणीची, सीएनजी. गाडी निवडताना त्यांनी कुठलाही रिव्ह्यू पाहिला नाही. मसाल्याचं एक पोतं सोबत नेलं आणि बघितलं, मी एकटी ते आत सरकवू शकते का. सरकत्या दारामुळे गल्लीत भिंतीला खेटून उभी केली तरी माल काढता येतो. मग विचारलं, अंबाडी नाक्यावरच्या मिस्त्रीला ही गाडी उघडता येते का, क्लच प्लेट त्याच दिवशी मिळते का. आधीच्या मालकाच्या कर्जाची नोंद आरसीवरून उतरली आहे हे पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहीत, आणि विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घेतला. त्यांच्या डॅशबोर्डवर एक वही असते. किलोमीटर, कुठे गेलो, किती माल, किती गॅस. नवरा चालवायला बसला तरी त्याला लिहावं लागतं.

शेजारणी म्हणाल्या म्हणे, "कार घेईल वाटलं होतं, टेम्पो घेतला." ताईंना ते लागलंय. सांगताना आवाज जरा बदलला. मी त्यावर काही बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंच.

संध्याकाळी एसयूव्हीवाला मित्र बाजूला येऊन म्हणाला, "मग सर, विकून टाकू?" मी म्हटलं, घाई नको. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षातच सगळ्यात जास्त उतरते आणि तुझं कर्ज अजून जवळपास सगळंच शिल्लक आहे. आधी ताईंसारखी वही ठेव, तीन महिने. मग वहीसकट भेट.

आता दर रविवारी तो वहीच्या पानाचा फोटो पाठवतो. परवाच्या फोटोपर्यंत तीन आठवड्यांत गाडीच्या 31 फेऱ्या झाल्या होत्या. त्यात क्लायंटकडे चार. त्याच तीन आठवड्यांत टेम्पोभाडं 12,600. खाली त्यानं लिहिलं होतं, "सर, चारपैकी दोन क्लायंटनी गाडी बघितलीच नाही. मीटिंग वरच्या मजल्यावर होती."