जोत्यातील ओल

तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव नागझिऱ्याच्या अरण्याला लागून आहे. पावसाळ्यात तेथील तलाव भरतो, धानाच्या बांध्या पाण्याने डबडबतात आणि जमिनीखालील पाणीही वर सरकते. अशा प्रदेशात ओल केवळ छपरातून येत नाही. ती पायातून वर चढते. भिंतीच्या बुडाशी फुटणारा पांढरा लोणा, गिलाव्याचे पोपडे, कोठीतला कुबट वास आणि थप्पीतील सर्वांत खालच्या पोत्याला लागलेली बुरशी ही तिचीच चिन्हे होत. व्यापारी कुटुंबाचे नुकसान येथे दुहेरी असते, कारण वास्तूही खचते आणि मालही जातो.

उपायापूर्वी कारण ओळखावे. कोठीच्या फरशीवर हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. कागदाच्या खालच्या बाजूस थेंब दिसले, तर ओल जमिनीतून येत आहे. वरच्या बाजूस दिसले, तर दमट हवा थंड फरशीवर निवत आहे.

पहिल्या प्रकारात आधी बाहेरचे पाणी दूर करावे. कवेलूंच्या वळचणीची पागोळी जोत्यालगत पडू न देता पन्हळीने लांब सोडावी. भिंतीभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा व नाली मोकळी ठेवावी. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविल्यास ओल आतच कोंडते; तेथे चुन्याचा गिलावा हितकर, कारण त्यातून भिंत श्वास घेते. तळघर किंवा फळ्यांच्या जमिनीखालची पोकळी असल्यास उघड्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरून त्याच्या कडा भिंतीपर्यंत न्याव्यात. कुजलेली फळी बदलण्याची घाई करू नये. ओल थांबण्यापूर्वी बसविलेली नवी फळीही कुजते.

दुसऱ्या प्रकारात खिडक्यांची वेळ पाळावी. झडीच्या दिवसांत झरोके सताड उघडल्यास बाहेरची दमट हवाच आत येते. उघाडीच्या दुपारी ते उघडावेत. आर्द्रतामापकावरील आकडा शक्यतो 60 टक्क्यांच्या आसपास राहावा. थप्पी फळ्यांवर रचावी व भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. धानातील ओलावा साठवणीपूर्वी 14 टक्क्यांच्या आत असावा.

बुरशी धरल्यावर ती खरवडणे, वाळवी लागल्यावर औषध शिंपडणे यात जीवहिंसा अटळ होते. चातुर्मासात ज्या घरी पाणी गाळून घेतले जाते, त्या घराची कोठी ओली राहणे विसंगतच. कोरडी कोठी हीदेखील जयणाच आहे. म्हणून जोत्याची दुरुस्ती दिवाळीनंतर, भिंती सुकू लागताच आरंभावी आणि मृगापूर्वी पूर्ण करावी.